शेणावर तापणारं जंगल बघून आलो. कोल्हापुरात असं काही हवं का?

रंकाळाकाठ
लेक-जावई इंग्लंडात, साउदॅम्प्टनला असतात. तिकडं गेल्यावर नातीच्या हट्टापायी सगळ्यांची वरात विंचेस्टरजवळच्या मारवेल झूला गेली. बाकीचं झू नेहमीसारखंच. जिराफ, झेब्रे, आणि सगळ्यात जास्त गर्दी आईस्क्रीमच्या गाडीपुढं. पण तिथं २०१८ साली उघडलेलं एक 'ट्रॉपिकल हाउस', म्हणजे उष्ण प्रदेशातल्या जंगलासारखं केलेलं बंदिस्त घर आहे, त्याबद्दल लिहितोय.

बाहेर खिशातून हात काढवत नव्हता. दारं ओलांडून आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ, अंगातलं स्वेटर नकोसं झालं. मोठ्या पानांची झाडं, पाण्याचा आवाज, ओल्या मातीचा वास. वर फांदीला एक स्लॉथ, तो झाडावर राहणारा अतिसंथ प्राणी, उलटा लटकलेला. नात मान वर करून बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आजोबा, हा मेलाय का?" तेवढ्यात त्यानं एक पाय सावकाश पुढं टाकला. तेवढंच काय ते. पण पोरगी तिथनं हलेना.

मी मात्र अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीत. ही ऊब येते कुठून? झूमधल्या झेब्रे वगैरे गवत खाणाऱ्या प्राण्यांचं शेण आणि खालचा पेंढा गोळा करतात, वाळवतात, दाबून ठोकळे करतात आणि बॉयलरला घालतात. त्याच्या गरम पाण्यावर हे घर तापतं. आतला सगळा विषयही ऊर्जेचाच आहे. सूर्य, झाड, झाड खाणारा, त्याला खाणारा, आणि शेवटी शेण.

माझं म्हणणं एवढंच, की जी जागा निसर्ग दाखवते तिनं स्वतःचं इंधन, पाणी, कचरा कुठून येतो आणि कुठं जातो हेही लोकांना दाखवावं. आपल्याकडं बाग असो, अभयारण्य असो, हे कुणी दाखवतच नाही. कोल्हापुरात असं काही उभं राहिलं तर मी आनंदानं तिकीट काढीन.

पेठेतला_गडी
काका, लई भारी लिवलंय, पन शेणीवर घर तापवतात ह्यात नवीन काय हाय? आमच्या आज्जीच्या चुलीला सांगा. आणि पंचगंगेच्या स्मशानात लोकं होळीला शेणी दान करतात, ते इंग्लंडच्या लोकांनी येऊन बघावं.

खरं सांगू? त्यांच्याकडं जंगल न्हाई म्हणून ते काचंत बांधत्यात. आपल्याला दाजीपूर ऐंशी किलोमीटरवर हाय. राधानगरी धरणाच्या मागं निस्तं हिरवंगार. कशाला खोटं बांधायचं?

सडा_भटक्या
पेठेतल्या दादांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

काका, तुम्ही कौतुक करताय तो 'पर्यावरणपूरक'पणा फक्त तापवण्याच्या खर्चापुरता आहे. मूळ प्रश्न असा की दक्षिण अमेरिकेतला प्राणी थंड देशात ठेवायचाच कशाला? आधी गरज निर्माण करायची, मग ती स्वच्छ इंधनानं भागवली म्हणून पाठ थोपटून घ्यायची. मुंबईच्या राणीच्या बागेत याच्या उलटं झालं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि त्यांच्यासाठी मुंबईच्या घामट हवेत चोवीस तास एसी चालतोय. उद्या त्या एसीसाठी छतावर सोलर बसवलं तर त्यालाही पर्यावरणपूरक म्हणायचं का?

आणि विमान? तुमच्या एकट्याच्या मुंबई-लंडन जाण्यायेण्यात टनाच्या वर कार्बन गेला असेल. तो कुठल्या बॉयलरमधून भरून काढणार?

दाजीपूरचं म्हणाल तर तिथं खरं शिक्षण हेच आहे की काही दिसत नाही. सावराई सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळपठारावर, दोन तास बसा. गव्याचं ताजं शेण दिसेल, झाडावर शेकरूचं घरटं दिसेल, गवा मात्र त्याची मर्जी असेल तर. प्राणी तुमच्या वेळेनुसार हजर राहायला बांधील नाही, हे मुलांना काचघरात कळणार नाही.

शाळेतल्या_बाई
भटक्या दादा, हे सगळं ज्याच्या दारात गाडी आहे त्यानं बोलावं.

मी शहरातल्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली अर्ध्याहून जास्त मुलं दाजीपूरला कधीही गेलेली नाहीत. कोल्हापुरात जन्मली, आठ-दहा वर्षांची झाली, आणि गवा त्यांनी पाहिला तो शहरात शिरला होता तेव्हा मोबाईलवरच्या व्हिडिओत. म्हणजे गवा म्हणजे धिंगाणा, आणि मागं पळणारी माणसं. एक मुलगी व्हीलचेअरवर आहे. तिला सड्यावर कोण नेणार? सहल काढायची तर गाडीभाडं, परवानगी, आत गेल्यावर वेगळी जीप, आणि स्वच्छतागृहाचं नाव काढू नका. पावसाळ्यात, म्हणजे जंगल खरं जंगल असतं तेव्हा, गेट बंद.

शहरात एका छताखाली, रुळलेल्या वाटेवर, सगळ्यांना जाता येईल अशी जागा असेल तर मला ती हवी. दोन तास सड्यावर शांत बसायची चैन पन्नास मुलांना घेऊन होत नाही. एकदा येऊन बघा.

ऊसमळा
मी शेतकरी. मला त्या स्लॉथचं सोडा, शेणाचं बोलू द्या.

शेण जाळणं हे पुण्य कसं झालं? आमच्याकडं शेणखताची ट्रॉली मिळायची मारामार आहे. उसाला वर्षानुवर्षं नुसता युरिया घालून जमिनी दगड झाल्यात. शेण जाळलं की त्यातलं नत्र धुरात गेलं आणि मातीला मिळायचे ते सेंद्रिय पदार्थ पण गेले. राखेत उरतो पालाश आणि थोडं स्फुरद. त्यापेक्षा गोबरगॅस करा. गॅसही मिळतो आणि स्लरी रानाला जाते. हे आपल्याकडं जुनं आहे.

आणि स्वतःचा कचरा स्वतःच्या बॉयलरला घालायचं म्हणाल तर आपले साखर कारखाने बगॅसवरच, म्हणजे उसाच्या चिपाडावरच चालतात. वर वीज करून विकतात. मग काय, कारखान्याला झू म्हणायचं?

रंकाळाकाठ
ऊसमळा, हा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण पूर्ण नाही. गाईम्हशींचं ओलं शेण गोबरगॅसला चांगलं. झेब्र्याची लीद कोरडी आणि काड्याकाड्यांची असते, त्यात निम्मा पेंढा. साध्या टाकीत तो वर तरंगतो, साय धरतो. शिवाय तिथं हिवाळाभर उष्णताच हवी आहे, स्वयंपाकाचा गॅस नाही. जिथं शेणखताला गिऱ्हाईक नाही तिथलं गणित वेगळं आणि करवीर तालुक्यातलं वेगळं. म्हणून मी बॉयलर आणा म्हणालोच नाही. आपल्या हवेत लागणारही नाही. हिशोब उघडा मांडायची रीत आणा, असं म्हणतोय. तुमच्या बगॅसचंच घ्या. किती शाळांच्या सहली कारखान्यात जाऊन तो बॉयलर बघतात?

भटक्या, विमानाचं बोललास ते ठीक. पण नात तिकडं आहे, झूसाठी मी गेलो नव्हतो. आणि परका प्राणी ठेवायचाच कशाला याचं एक उत्तर त्याच झूत आहे. सिमिटार ऑरिक्स नावाचं वाळवंटातलं हरीण २००० साली जंगलातून नामशेष ठरलं होतं. झूंमध्ये वाढवलेल्या कळपांतून ते ट्युनिशियात आणि चाडमध्ये परत सोडलं गेलं, मारवेलचा ट्युनिशियाच्या कामात १९८५ पासून हात आहे. २०२३ मध्ये त्याचा शेरा 'जंगलातून नामशेष' वरून 'संकटग्रस्त'वर आला. हे सड्यावर बसून झालं नसतं.

सडा_भटक्या
ऑरिक्सचं मान्य. ते कुंपणातल्या मोठ्या कुरणात वाढतं, पुढं त्याचं काही होतं. स्लॉथ कुठं सोडणार आहेत? एका चांगल्या कामाच्या आडोशानं शंभर शोभेचे प्राणी ठेवायचे, हे झूवाल्यांचं जुनं आहे.

आपल्याकडंही जुनंच. कोल्हापूर संस्थानात काळवीट धरायला चित्ते पाळत होते. इथले संपत आले तसे आफ्रिकेतून आणवले. त्यांचीही निगा उत्तमच असायची म्हणे. आज ना ते चित्ते आहेत, ना तसली माळरानं.

जुना_बुधवार
प्राण्यांचं चाललंय तर बोलतोच. २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला गुजरातेत अंबानींच्या वनताराला नेलं तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर होता, लोकांनी जिओची सिम बदलली. तेव्हा कोण म्हणालं होतं का, प्राणी कुठं सुखी आहे ते बघा? आता स्लॉथची काळजी!

शाळेतल्या_बाई
दादा, तो विषय मोठा आहे, वेगळा मांडा. इथं आणलात तर उद्या सकाळपर्यंत दोनशे उत्तरं येतील आणि स्लॉथ लटकलेलाच राहील.

माझं ऐका. झू काढायचं म्हटलं तर केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी लागते, वर्षं जातील. मला प्राणी नसले तरी चालतील. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात बॉटनिकल गार्डन आहे, राधानगरीत फुलपाखरू उद्यान आहे. ब्लू मॉर्मन हे आपलं राज्य फुलपाखरू, ते बंदिस्त करावं लागत नाही, त्याच्या अळीला खायला लिंबाच्या जातीची झाडं लावली की आपणहून येतं. शहरातच अशी एक बाग करा. सपाट वाट, पाण्याचा नळ, आणि काका म्हणतात तसा एक फलक. या बागेला पाणी कुठून येतं, पालापाचोळा कुठं जातो. मुलं तो आधी वाचणार नाहीत, मी वाचून घेईन.

सडा_भटक्या
बाई, बागेला माझा विरोध नाही. पण एकदा शहरात सोयीची बाग झाली की 'मुलांनी निसर्ग पाहिला' म्हणून खूण करून सगळे मोकळे. मग राधानगरीच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणींचा प्रश्न आला की आवाज कोण उठवणार? जे जंगल पाहिलंच नाही त्यासाठी कोण भांडतं?

शाळेतल्या_बाई
आणि ज्यांना कधी नेलंच नाही ती भांडतील?

ऊसमळा
बागेला शेणखत लागेल तेव्हा सांगा. जाळायला मागू नका, तेवढं बघा.

पेठेतला_गडी
बाई, तुमचं पटलं ओ. पन बाग व्हायला महापालिकेच्या किती सभा लागतील ते अंबाबाईला ठाऊक. तवर पोरं मोठी व्हायची. ह्या उन्हाळ्यात दाजीपूरला एक गाडी काढूया की. भटक्या दादांना संगं घ्या, ते दाखवतील काय न दिसणारं असतंय ते. गेट बंद व्हायच्या आत तारीख सांगा.

शाळेतल्या_बाई
तारीख लगेच सांगते. गाडीला व्हीलचेअर चढवता येईल ना, आणि भाडं कोण देणार, ते आधी लिहा.