ॲपमधून अझ्युअरचा कंटेनर आहे की नाही कसं बघायचं? दरवेळी 403 येतंय

प्रश्न, कोड_उपाशी:
मंडळी, अँड्रॉइड ॲप आहे, प्रत्येक युजरचे फोटो अझ्युअर ब्लॉबमध्ये (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड स्टोरेज) त्याच्या त्याच्या कंटेनरला, म्हणजे फोल्डरसारख्या कप्प्यात, जातात. अपलोडच्या आधी कंटेनर आहे का बघायचं, नसेल तर बनवायचा, एवढंच करायचंय. आधी कॉल मेन थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणारा) होता तेव्हा ॲप धाडकन बंद पडायचं, कोरुटीनमध्ये (बॅकग्राउंडला) नेल्यावर ते थांबलं, पण आता सर्व्हरकडून 403 एरर. कंटेनर पोर्टलवर समोर दिसतोय! बॅकएंडकडून (आमच्या सर्व्हरकडून) कंटेनरपुरतं एसएएस टोकन, म्हणजे मर्यादित परवानगीची किल्ली, मिळतं, त्याने अपलोड मस्त होतं. मग 403 म्हणजे 'नाही' धरू का?

बिट_बहाद्दर:
अजिबात नको. नसेल तर 404 येतं. 403 म्हणजे तुला विचारायचाच अधिकार नाही, कंटेनर असो वा नसो. कंटेनरपुरतं एसएएस आतल्या ब्लॉबसाठी (फाइलींसाठी) असतं, त्यावर खुद्द कंटेनरची प्रॉपर्टी वाचता येत नाही की नवा कंटेनर बनवता येत नाही, हव्या तेवढ्या परवानग्या टाक.

घाईगडबड:
अकाउंट की (अख्ख्या स्टोरेजची मास्टर किल्ली) ॲपमध्येच टाक ना, सगळं चालेल

बिट_बहाद्दर:
@घाईगडबड चालेल, आणि एपीके (ॲपची फाइल) उघडणाऱ्या कुणालाही चालेल 😅 त्या कीने सगळ्या युजरचे फोटो उडवता येतात. अकाउंट एसएएसने (अकाउंट पातळीवरचं टोकन) कंटेनर तपासता येतो पण तेही एका कंटेनरपुरतं बांधता येत नाही, म्हणून फोनवर नकोच.

कोड_उपाशी:
मग नव्या युजरचा कंटेनर कुठे बनवू?

सर्व्हर_काका:
बॅकएंडवर, साइनअपलाच. तिथेही आधी 'आहे का' विचारत बसू नकोस, विचारणं आणि बनवणं यांच्या मध्ये दुसरी रिक्वेस्ट घुसू शकते, सरळ बनवायला सांग, 409 एररमध्ये 'कंटेनर ऑलरेडी एक्झिस्ट्स' (आधीच आहे) आलं तर काम झालेलंच आहे. पण 409 चा एरर कोड नीट वाच, कंटेनर नुकताच डिलीट केला असेल तर 'बीइंग डिलीटेड' येतं आणि किमान 30 सेकंद ते नाव परत मिळत नाही, टेस्टिंग करताना हे हमखास डोकं खातं. ॲपने थेट अपलोड करावं, 404 बरोबर 'कंटेनर नॉट फाउंड' आलं तरच बॅकएंडला कळवून परत ट्राय.

आणि कंटेनरचं नाव युजरनेमवरून बनवत असशील तर जपून, 3 ते 63 अक्षरं, स्मॉल लेटर, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, अंडरस्कोर आला की 400 एरर (चुकीची रिक्वेस्ट).

कोड_उपाशी:
अंडरस्कोर आहेत काही युजरनेममध्ये 🙈 युजर आयडीच वापरतो, थँक्यू काका