शिकारीचे चिखलाने बरबटलेले कपडे कसे धुवायचे?

रानभटक्या:
काल दिवसभर दलदलीत दबा धरून बसलो होतो, घरी आलो तर कॅमो पँट (झाडीत मिसळून जाणाऱ्या रंगांची) गुडघ्यापर्यंत चिखलाने बरबटलेली आणि जॅकेटच्या बाहीवर रक्त. सगळं तसंच मशीनमध्ये कोंबणार होतो, पण बायको म्हणाली मशीनला हात लावून तर बघ. दुसरं म्हणजे जॅकेट वॉटरप्रूफ आहे, मागे एकदा नेहमीच्या पावडरने धुतलं तेव्हापासून पाणी ओघळून न जाता वरच्या कापडात मुरतं. काय चुकलं असेल?

चिखल्या:
वहिनींचं ऐका :) ओला चिखल चोळायचा नाही, चोळाल तेवढा आत जातो. दोरीवर टाका, कडक वाळू द्या, मग बाहेर नेऊन झटका आणि जुन्या ब्रशने घासा, बरीचशी माती तिथेच गळते. मग गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत बादलीत खळबळून घ्या आणि त्यानंतरच मशीन. चेन, वेल्क्रो लावून कपडे उलटे करा. खिसे तपासाच, माझं एक काडतूस अख्खा वॉश फिरून आलं होतं, ते फुटलं नाही पण मला घाम फुटला.

थंडपाणी:
रक्ताला गरम पाणी अजिबात नको, उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन बसतं. गार पाण्यात अर्धा तास भिजवा, एन्झाइमवालं लिक्विड असेल तर उत्तम, फक्त लोकरीच्या कपड्याला ते वापरू नका, लोकर खराब होते.
जॅकेटचं म्हणाल तर पावडरचा थर राहिला असणार, तो पाणी धरून ठेवतो. नुसत्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मग मंद ड्रायरमध्ये फिरवा, उष्णतेने वरचं कोटिंग परत काम करायला लागतं. तरीही मुरलं तर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा. फॅब्रिक कंडिशनर कधीच नको.

पाऊलखुणा:
सुवासिक पावडर पण सोडा, हरणाचं नाक फार तिखट. आणि ‘जास्त शुभ्र’ वाल्यांमध्ये ब्रायटनर असतं, ते अतिनील प्रकाश घेऊन निळा फेकतं, आणि हरणांना लाल धड दिसत नसला तरी निळा छान दिसतो. म्हणजे एवढं महागाचं कॅमो घालून आपणच चमकायचं!

रानभटक्या:
पँट वाळत घातलीय. पण जॅकेटच्या लेबलवर ड्रायरवर फुली आहे, मग?

थंडपाणी:
मग लेबलचं ऐका, सावलीत वाळवा, स्प्रे तेवढा लागेल. बाकीच्या कपड्यांवर गोचीड असेल तर मात्र गार पाण्याने मरत नाही हं, ड्रायर चालणारे कपडे धुण्याआधी कोरडेच दहा मिनिटं फुल गरमवर फिरवा.