टीसीपी आणि आयपी वेगळे का झाले?

प्रश्न: उद्या वर्गात टीसीपी-आयपी शिकवायचंय, म्हणजे संगणकांनी इंटरनेटवर माहितीची देवाणघेवाण करायचे नियम (प्रोटोकॉल). विंट सर्फ आणि बॉब कान या संगणकतज्ज्ञांच्या १९७४ च्या लेखात एकच प्रोटोकॉल आहे. मग त्याचे दोन भाग का केले? मुली हे हमखास विचारतात.

उत्तर १: आवाजामुळे! पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवलं की टीसीपी ते पुन्हा पाठवतं. तोवर मागून आलेली पॅकेटं ताटकळतात. फाइलला चालतं, बोलण्याला नाही. पॅकेटमधून आवाज पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्या डॅनी कोहेन यांनी हा आग्रह धरला. १९७८ मध्ये पत्ता पाहून पॅकेट पुढे धाडण्याचं काम आयपीकडे गेलं, हरवल्या-सापडल्याचा हिशेब टीसीपीकडे राहिला.

उत्तर २: फ्रान्सच्या लुई पूझँ यांचं नाव जरूर घ्या. सिक्लाद या संगणक-जाळ्यात त्यांनी हरवल्या-सापडल्याची ही जबाबदारी आधीच टोकाच्या संगणकांवर टाकली होती. मी वर्गात क्रमांक घातलेली पोस्टकार्डं फिरवतो, दोन मुद्दाम खिशात ठेवतो. कुठली आली नाहीत, ते मुलंच शोधतात.

प्रश्नकर्ती: वा, पोस्टकार्डं घरात आहेत! २२ नोव्हेंबर १९७७ चा प्रयोगही सांगेन. कॅलिफोर्नियातल्या धावत्या व्हॅनमधली पॅकेटं रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट (इंटरनेटआधीचं अमेरिकी संगणक-जाळं) अशी तीन जाळी ओलांडून लॉस एंजेलिसला पोचली, तीही नॉर्वे-लंडनमार्गे.