प्रतिसाद: पीएलएमध्ये कार्बन वाढवण्याआधी ओलावा बघा

पीएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड, वनस्पतीजन्य प्लास्टिक) वीजवाहक करायचं तर कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची बारीक पूड) वाढवत न्या, असं या चर्चेत आधी सुचवलंय. वाहकता येते, मान्य. पण त्याला बहुधा वजनाने १५ ते २० टक्के लागतं, आणि आधीच ठिसूळ असलेलं पीएलए तोवर हातानेही मोडायला लागतं. मल्टिवॉल नॅनोट्यूब (कार्बनच्या अनेक थरांच्या अतिसूक्ष्म नळ्या) लांब असल्याने त्यांचं वीज वाहणारं जाळं नीट मिसळल्यास १ ते ३ टक्क्यांतच जुळतं, म्हणून ताकदीसाठी त्याच घ्याव्यात.

ओलाव्याबद्दल मात्र इथे कुणीच बोललेलं नाही, आणि माल तिथेच बिघडतो. वितळलेल्या पीएलएची साखळी पाण्याने तुटते, मग कितीही चांगल्या नळ्या घाला, तुकडा कमकुवतच. पीएलएचे दाणे आणि मास्टरबॅच (नळ्या आधीच दाट मिसळलेले दाणे) दोन्ही ८० अंश सेल्सियसला निदान ४ तास डेसिकंट ड्रायरमध्ये (ओलावा शोषून कोरडी केलेली हवा वापरणारं यंत्र) वाळवा, ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भाग) खाली आणा. (अमॉर्फस, म्हणजे स्फटिक न झालेले दाणे असतील तर ४५ अंशच आणि वेळ जास्त, नाहीतर ते चिकटून गोळा होतो.) वाहकता तपासताना इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून केलेल्या) तुकड्याच्या पृष्ठभागावर मल्टिमीटर टेकवून निष्कर्ष काढू नका. साचा वेगाने भरताना वरच्या थरात नळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या जातात आणि जाळं तुटतं. दोन्ही टोकं कापा, कापलेल्या बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावून मोजा. भरण्याचा वेग कमी आणि वितळलेलं प्लास्टिक थोडं जास्त गरम ठेवलं तर विजेचा रोध बराच उतरतो.