मदत हवी आहे : झाडांचा ट्रेट डेटा जगासाठी खुला करायचाय, कुठे आणि कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

इथे बॉटनी आणि इकॉलॉजीवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. माझ्याकडे जंगलातल्या झाडांचा ट्रेट डेटा (मोजता येणाऱ्या गुणधर्मांचा) आहे, म्हणजे पानाचं क्षेत्रफळ, ओलं आणि सुकं वजन, झाडाची उंची, लाकडाची घनता आणि थोड्या जातींच्या बियांचं वजन. सगळं पानागणिक आणि झाडागणिक नोंदलेलं आहे. यातलं पेपरात जाणार थोडंच, बाकीचं हार्ड डिस्कवर पडून राहणार आणि हे मला अजिबात पटत नाहीये, कारण पान तोडा, स्कॅन करा, ओव्हनमधे सुकवा, वजन करा हे सगळं उद्या दुसरं कोणीतरी पहिल्यापासून करत बसणार, का तर आधी मोजलेलं त्याला दिसलंच नाही म्हणून.

एकेकट्या डेटाचं मोल फार नसतं पण एकत्र आला की काय होतं ते दिसलंच आहे. २००४ मधे नेचर या नियतकालिकात जो लीफ इकॉनॉमिक्सचा (पानांच्या जमाखर्चाचा) पेपर आला त्यात १७५ ठिकाणच्या २,५४८ जाती होत्या आणि त्यातून कळलं की वाळवंट असो की वर्षावन, पातळ, नायट्रोजन भरपूर असलेली पण कमी टिकणारी पानं एका टोकाला आणि जाड, हळू कमावणारी पण खूप टिकणारी दुसऱ्या टोकाला, असा एकच पट्टा जगभर आहे. मग २०१६ मधे ४६,०८५ जातींवर सहा ट्रेट घेऊन तसंच मोठं काम झालं. हे कोणाही एका टीमला स्वतः मोजून कधीच जमलं नसतं, शेकडो लोकांनी आपापल्या एक्सेल शीट दिल्या म्हणून झालं. आणि उष्ण कटिबंधातल्या जातींचा डेटा अजूनही विरळ आहे, म्हणून तर मला द्यायचाच आहे.

आता अडचण. ट्राय डेटाबेसला (जगभरचा वनस्पतींचा ट्रेट डेटा एकत्र ठेवणारा) द्यावा की झेनोडोवर (संशोधनाच्या फाईल ठेवायची खुली साईट) टाकून डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घ्यावा? सीनियर म्हणतात की प्रत्येक जातीची सरासरी काढून तेवढीच दे, कच्चा डेटा देऊ नकोस, आपला पेपर यायचाय अजून. मला कच्चाच द्यावासा वाटतो पण त्यांना पटेल असं कारण हवंय, नुसतं विज्ञानासाठी चांगलं असतं म्हणून चालणार नाही. शिवाय काही जाती दुर्मिळ आहेत, त्यांचे जीपीएस आकडे उघडे टाकायची मला भीती वाटते. ज्यांनी प्रत्यक्ष डेटा दिलाय त्यांनी प्लीज सांगा.

रानवाट :
हे किंवा ते असं नाहीच आहे, दोन्ही करा. झेनोडोवर ठेवलात की डीओआय मिळतो, व्हर्जन राहतात, पुढे लोकांना तुमचा संदर्भ देता येतो. ट्राय मात्र तुमचे आकडे बाकीच्यांच्या आकड्यांशी जुळवून घेतं, एकक आणि ट्रेटची नावं एकसारखी करतं, लोक शोधायला आधी तिथेच जातात. २००७ पासून चालू आहे, जर्मनीत येनाच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून चालतं आणि २०१९ पासून बहुतेक डेटा सीसी बाय लायसन्सखाली खुला आहे, म्हणजे वापरणाऱ्याने श्रेय द्यायचंच.

एक गोष्ट आत्ताच तपासा, पानाचं क्षेत्रफळ आणि वजन देठ धरून आहे की सोडून? ट्रायमधे एसएलएचे (सुक्या वजनामागे पानाचं क्षेत्रफळ) तीन वेगळे ट्रेट आहेत, क्रमांक ३११५ देठ सोडून, ३११६ देठ धरून आणि ३११७ म्हणजे देठाचं काय केलं ते माहीत नाही. तो तिसरा फुगलाय तो फक्त कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून. संयुक्त पान असेल तर अख्खं पान की एक पर्णिका, सावलीतलं की उन्हातलं, ओव्हन किती अंशांवर, हेही लिहा. हे आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे, खरं तर जास्तच.

पर्णिका_७ :
सीनियरना हे गणित दाखव. एकाच जातीची दोन पानं घे, एकाचा एलएमए (क्षेत्रफळामागे सुकं वजन, एसएलएच्या बरोबर उलट) ५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, दुसऱ्याचा २००. सरासरी १२५. आता तीच पानं एसएलएमधे मोज, २० आणि ५ चौरस मीटर प्रति किलो, सरासरी १२.५, ती उलटी केलीस तर एलएमए येतो ८०. पानं तीच पण एकदा १२५ आणि एकदा ८०! नुसती सरासरी दिलीस तर पुढच्या माणसाला हे सुधारता येत नाही, कच्चे आकडे असले तर येतं. आणि एकाच जातीत झाडागणिक किती फरक पडतो ते तर सरासरीत पुसूनच जातं, हवामानबदलावर काम करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

पेपरची काळजी असेल तर झेनोडोवर एम्बार्गोची तारीख टाकता येते, डीओआय आज घ्या, फाईल त्या तारखेलाच उघडेल. दुर्मिळ जातींचे जीपीएस आकडे (अक्षांश-रेखांश) दशांशाच्या एका स्थळापर्यंतच द्या, म्हणजे अंदाजे ११ किलोमीटरपर्यंतचा घोळ राहतो, आणि तसं मुद्दाम केलंय हे कॉलममधे लिहा, नाहीतर कोणीतरी ते खरं ठिकाण समजून हवामानाचा डेटा जोडेल.

रानवाट :
हो आणि नावं! जातीचं नाव तुम्ही जंगलात नोंदताना जसं लिहिलं तसं एका कॉलममधे राहू द्या, आणि वर्ल्ड फ्लोरा ऑनलाईन या वनस्पतींच्या जागतिक यादीवरून मान्य नाव शेजारच्या कॉलममधे. जुनं पुसू नका, उद्या परत जात फुटली किंवा दोन एक झाल्या तर मूळ नावावरूनच माग लागतो.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. १२५ आणि ८० वालं आज सीनियरना दाखवलं, त्यांनी स्वतः कागदावर करून बघितलं आणि कच्चा डेटा द्यायला तयार झाले, एम्बार्गो घालून. देठ धरून मोजलंय, ते सगळ्या शीटमधे लिहिते. आता एकच अडलंय, लाकडाच्या घनतेचे काही नमुने फांदीचे आहेत आणि काही बोअररने (भोक पाडून लाकडाचा नमुना काढायचं हत्यार) मुख्य खोडातून काढलेले, शिवाय फांदीच्या काहींना साल आहे. हे एकाच ट्रेटखाली ठेवून वेगळ्या कॉलममधे पद्धत लिहू की दोन फाईल करू?