पहिला डीजीपीएस घ्यायचा आहे: बेस-रोव्हर जोडी की एकटा रोव्हर?

नमस्कार. जमीन मोजणीचा माझा छोटा व्यवसाय आहे. मी आणि एक मदतनीस, एवढेच आम्ही. टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजणारं यंत्र) आणि ऑटो लेव्हल (उंची मोजणारं) आहे, नकाशे मीच कॅडमध्ये काढते. हद्दी, प्लॉटची आखणी, कंटूर ही नेहमीची कामं. अलीकडे मोठ्या क्षेत्रांची आणि रस्ता-कालव्यासारखी लांबट कामं येऊ लागली आहेत. तिथे टेकाडाआड पॉइंट गेला की मशीन उचला, पुन्हा सेंटरिंग करा, पुन्हा बॅकसाइट घ्या, यातच दिवस सरतो. म्हणून पहिला डीजीपीएस संच घ्यायचा आहे. यात बेस हा रिसिव्हर एका जागी उभा राहून चुकीची दुरुस्ती, म्हणजे करेक्शन, पाठवतो आणि रोव्हर पोलवर घेऊन पॉइंट घेत फिरायचं. कर्ज काढून घेणार आहे, त्यामुळे घेतलेला संच बरीच वर्षं कामाला यायला हवा.

ब्रँडचा प्रश्न नाही. माहितीपत्रकं वाचून एवढं कळलं की आकड्यांवरून निवड होणार नाही. आरटीकेची (जागेवरच करेक्शन घेऊन मोजण्याची) आडवी अचूकता 8 मिमी + 1 पीपीएम (दर किमीला 1 मिमी) आणि उंचीची 15 मिमी + 1 पीपीएम, असंच बहुतेक जण छापतात. म्हणजे बेसपासून 10 किमी दूर गेलं की आणखी 10 मिमी धरायचे. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या चारही उपग्रह-यंत्रणा सगळेच पकडतात. चॅनलचा (एका वेळी पकडायच्या सिग्नलांचा) आकडा कुणी 800 सांगतं, कुणी 1400. मला त्याने फरक पडेल असं वाटत नाही.

अडलंय ते इथे. एकटा रोव्हर घेतला तर खर्च जवळपास निम्मा. कॉर्स नेटवर्कचं (कायम चालू असलेल्या बेसच्या जाळ्याचं) करेक्शन एनट्रिप या पद्धतीने मोबाइल इंटरनेटवरून घ्यायचं, बेस मांडायला नको, राखायला नको. पण माझ्या बऱ्याच साइटवर रेंज येते-जाते, आणि नेटवर्कची वर्गणी कायमची मागे लागते. जोडी घेतली तर कुणावर अवलंबून राहायला नको. मात्र आतल्या 1-2 वॅटच्या रेडिओवर मोकळ्या रानात काही किलोमीटर, चढउतार आला की त्याहून कमी. मोठा 35 वॅटचा बाहेरचा रेडिओ घेतला तर सोबत गाडीची बॅटरी वाहायची आणि फ्रिक्वेन्सीचा परवानाही बघायचा. शिवाय मदतनीस बेसपाशीच बसून राहणार. तरीही माझा कल जोडीकडे आहे. साइटवर पोचल्यावर रेंज नाही म्हणून परत फिरणं मला परवडणार नाही.

दुसरं म्हणजे वापरलेला एक संच मिळतो आहे. तो फक्त जीपीएस आणि ग्लोनास घेतो, एल1 आणि एल2 या दोन फ्रिक्वेन्सींवर. स्थिती चांगली दिसते. घ्यावा का?

तिसरं, टिल्टवाल्या (पोल तिरका धरला तरी चालणाऱ्या) रोव्हरवर किती भरवसा ठेवावा? भिंतीचा कोपरा, कुंपणाचा खांब अशा ठिकाणी पोल उभा धरता येत नाही, तिथे ते फार उपयोगी वाटतं.

आणि कालव्याच्या कामात लेव्हल जीपीएसवर सोडता येते का?

प्रतिसाद 1

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसे तिथे बुडतात. कालव्याची लेव्हल जीपीएसवर सोडू नका. उंची ही जीपीएसची कमजोर बाजू आहे, आडव्या अचूकतेच्या दीडपट ते दुप्पट चूक धरून चाला. त्यात रिसिव्हर जी उंची मोजतो ती लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची), समुद्रसपाटीपासूनची नव्हे. दोन्हींत जगात काही ठिकाणी 100 मीटरपर्यंत फरक आहे. कंट्रोलरमध्ये (रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) ईजीएम2008 सारखं जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटीचा नमुना) घातलं की बराचसा फरक निघतो, तरी स्थानिक बेंचमार्कशी (उंची ठाऊक असलेल्या खुणेशी) जुळवल्याशिवाय आकडा वापरू नये. कंटूरला जीपीएस उत्तम. पाणी वाहायचं असेल तिथे ऑटो लेव्हलच. ती विकू नका.

जोडी की रोव्हर, यात तुमचा कल बरोबर आहे. पण एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते. आरटीकेची ती 8 मिमी बेसच्या सापेक्ष आहे. बेस मांडून कंट्रोलरवर ‘आहे तिथलं स्थान घे’ असं बटण दाबलं तर बेसचं स्थान मीटर-दोन मीटरने चुकलेलं असू शकतं, आणि सगळे पॉइंट तेवढेच सरकतात. त्या दिवसापुरतं आपसात सगळं जुळतं. दुसऱ्या दिवशी बेस दुसरीकडे मांडून पुन्हा तेच बटण दाबलं की कालचं आणि आजचं काम एकमेकांवर बसत नाही. म्हणून साइटवर पक्के कंट्रोल पॉइंट (बाकी काम ज्यांवर जुळवायचं त्या खुणा) रोवा, निदान दोन-तीन. पहिल्या दिवशी बेस दोन तासांहून जास्त वेळ स्टॅटिक (एका जागी स्थिर ठेवून) लॉग होऊ द्या. फाइल राइनेक्स या सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढून ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉस किंवा कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपी या नेमकं स्थान काढून देणाऱ्या मोफत सेवेवर चढवा. जगात कुठलीही फाइल चालते. उत्तर आयटीआरएफ या जागतिक संदर्भचौकटीत येतं, ते तुमच्या कामाच्या डेटमशी (नकाशाच्या संदर्भाशी) जुळवून घ्यायचं. एकटा रोव्हर असला तरी स्टॅटिक करता येतं, फक्त तेवढा वेळ तो अडकून पडतो.

टोटल स्टेशनची सवय असणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कोड्यात टाकते. यूटीएम या नकाशाच्या ग्रिड पद्धतीत मध्यरेषेवर स्केल 0.9996 असतं. तिथे जमिनीवरचं 1 किमी अंतर ग्रिडवर 40 सेंमी कमी भरतं. यात यंत्र खोटं नसतं. दोन्ही यंत्रांचं काम एका नकाशात आणायचं तर स्केल हाताळणं किंवा साइट कॅलिब्रेशन (साइटवरच्या ठाऊक पॉइंटवर काम बसवून घेणं) करणं आलंच. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर हे किती सोपं करतं, ते घेण्याआधी स्वतः करून बघा. रिसिव्हर सगळे बरे असतात. रोज हात लागतो तो सॉफ्टवेअरला. डीएक्सएफ (कॅडची फाइल) आत घेता येतं का, कोड देता येतात का, आखणीचा स्क्रीन उन्हात दिसतो का, कच्चा डेटा बाहेर काढायला वेगळं लायसन्स लागतं का, हे सगळं लेखी विचारा.

प्रतिसाद 2

वापरलेल्या संचाबद्दल. मोकळ्या जागी जीपीएस-ग्लोनासवर काम चालेल. झाडाखाली आणि इमारतींच्या कडेला मात्र तुम्हाला गॅलिलिओ-बायडूची उणीव रोज जाणवेल. चारही मिळून आकाशात एका वेळी तीस-चाळीस उपग्रह असतात, त्यातले अर्धे झाकले तरी फिक्स (सेंटीमीटरपर्यंतचं पक्कं स्थान) टिकतो. जुन्या संचात निम्मेच असतील तर झाकायला काही उरत नाही. मोडेम 3जीचा आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी 3जी बंद झालं आहे. 6 एप्रिल 2019 ला जीपीएसचा आठवड्यांचा आकडा पुन्हा शून्यावर आला, तेव्हा ज्या जुन्या रिसिव्हरचं फर्मवेअर अद्ययावत नव्हतं त्यांतले काही तारीख चुकीची दाखवू लागले. तो संच सुरू करून तारीख बघाच. बॅटऱ्या अजून मिळतात का, दुरुस्ती कोण करतं, हेही विचारा. माझ्या मते कर्ज काढून जुना संच घेऊ नये. जुना घ्यायचा तर रोखीत आणि दुय्यम कामासाठी.

टिल्ट चांगलं असतं, पण ते जादा चूक घेऊन येतं. बहुतेकांच्या माहितीपत्रकात ती 30 अंशांच्या झुकावाला साधारण 2 सेंमीच्या आसपास दिलेली असते. कुंपण, कोपरे, तपशिलाचे पॉइंट यांना खुशाल वापरा. हद्दीची खूण आणि कंट्रोल मात्र बुडबुडा मध्यावर आणून, बायपॉड (पोलला आधार देणारे दोन पाय) लावूनच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जुना संच सोडून दिला. जोडीच घेईन, आणि मोबाइल रेंज असेल तिथे त्याच बेसचं करेक्शन इंटरनेटवरून पाठवता येईल असा संच बघेन, म्हणजे रेडिओवरचा भार कमी होईल. दोन विक्रेते डेमो द्यायला तयार आहेत. मोकळ्या मैदानात सगळेच छान दिसतात, तर डेमोत नेमकं काय करून घेऊ?

प्रतिसाद 1

मैदान तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका. टोटल स्टेशनने आधी चार-पाच पॉइंट पक्के करून ठेवा: दोन उघड्यावर, एक दाट झाडाच्या कडेला, एक भिंतीपाशी, एक जितका लांब शक्य तितका. रोव्हरने प्रत्येकावर फिक्स घ्या, नोंद करा, मग अँटेना उलटी धरून फिक्स मुद्दाम तोडा आणि पुन्हा घ्या. झाडाखाली कधी कधी स्क्रीनवर फिक्स लिहिलेलं असतं आणि पॉइंट वीतभर सरकलेला असतो. दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय ते कळत नाही. दोन-तीन तासांनी तेच पॉइंट पुन्हा घ्या, तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. सूर्य मावळल्यानंतरही एकदा करून बघा. विषुववृत्ताच्या जवळपासच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतो आणि फिक्स सुटतो, सूर्यावरची हालचाल जास्त असलेल्या वर्षांत तर अधिकच. बेस चालू असताना रेडिओ घेऊन चालत लांब जा आणि करेक्शन कुठे तुटतं ते नकाशावर मांडा. आणि पोलचा बुडबुडा आधी तपासा. नवा पोलही सरळ असेलच असं नाही. 2 मीटरच्या पोलवर बुडबुडा किंचित चुकला तरी सेंटीमीटर जातो.

अँटेनाची उंची कुठपर्यंत मोजायची, तळापर्यंत की फेज सेंटरपर्यंत (सिग्नल जिथे पकडला जातो त्या बिंदूपर्यंत), हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. राइनेक्स चढवताना तेच लागतं.