भूल, बधिर, संवेदनाहरण : नेमका शब्द कोणता?

प्रश्न :
हर्नियाच्या ऑपरेशनआधी सही केलेल्या कागदावर 'बधिरीकरण' होतं, डॉक्टर मात्र तोंडाने 'कमरेखालची भूल' म्हणत होते. ऑपरेशनभर मी टक्क जागा! ट्रेमध्ये चिमटे टाकल्याचे आवाजसुद्धा ऐकले. मग ही भूल कसली? आणि संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा ना? माझे कान तर शाबूत होते.

उत्तर १ :
'बहिरा' हे 'बधिर'चंच प्राकृतातून आलेलं रूप. मराठीने दोन्ही ठेवले आणि कामं वाटून दिली : कानासाठी बहिरा, कातडीसाठी बधिर. जुना अर्थ 'मूकबधिर'मध्ये तेवढा उरलाय. तेव्हा तुमच्या बाबतीत कागदावरचा शब्द जास्त बरोबर होता.

प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली बारीक सुई घालून तिथल्या द्रवात ब्युपिव्हाकेनसारखं औषध सोडतात. चेतातंतूतून संदेश पुढे सरकायला सोडियमचे कण आत शिरावे लागतात. हे औषध त्यांची वाट अडवतं. खालची वेदना वर पोचतच नाही. मेंदूला कुणी हात लावलेला नसतो, म्हणून तुम्ही चिमटे मोजत पडला होता. १८९८ साली जर्मनीत आउगुस्ट बिअर यांनी ही पद्धत रुग्णांवर वापरली, तेव्हा औषध कोकेन होतं.

'भूल' शोभते ती पूर्ण भुलीला. भुलणे म्हणजे भान हरपणे, विसरणे. शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध गेलं की मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढतो, शुद्ध जाते आणि त्या वेळची आठवणही साठत नाही. 'झोपवलं' हा शब्द मला पटत नाही. झोपलेला माणूस चिमटा काढला की उठतो. शिवाय पूर्ण भूल म्हणजे बहुधा एकच औषध नसतं. वेदनेसाठी फेंटॅनिलसारखं वेगळं, स्नायू सैल करायला आणखी तिसरं. या तिसऱ्याने श्वासाचे स्नायूही ढिले पडतात, म्हणून तर नळी आणि व्हेंटिलेटर.

उत्तर २ :
'मणक्यातलं इंजेक्शन' म्हणताना लोक दोन गोष्टी एक करतात. एपिड्युरलमध्ये औषध द्रवात जात नाही, त्याच्या आवरणाबाहेर जातं. तिथे बारीक नळी ठेवून पुन्हा पुन्हा देता येतं, म्हणून बाळंतपणाच्या कळांसाठी ते सोयीचं.

प्रश्नकर्ता :
पण मला आत काहीतरी ओढल्यासारखं कळत होतं. दुखत नव्हतं. पुरतं बधिर झालं नव्हतं का?

उत्तर १ :
झालं होतं. वेदनेचे बारीक तंतू आधी गप्प होतात. दाब आणि स्पर्श नेणारे जाड तंतू चिवट. दाताच्या डॉक्टरकडेही दाढ हलवलेली कळतेच की. तिथे हिरडीत पू असेल तर मात्र औषध नीट लागत नाही, कारण सुजलेली जागा आम्लधर्मी झालेली असते.

उत्तर ३ :
'संवेदनाहरण' राहिलंच. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टन यांनी ईथर दिलं आणि सर्जन वॉरन यांनी शस्त्रक्रिया करून दाखवली. त्यानंतर महिन्याभराने डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मॉर्टन यांना पत्रातून 'अ‍ॅनेस्थेशिया' हे नाव सुचवलं. ग्रीकमधला अर्थ 'संवेदना नसणे', म्हणजे आपला शब्द त्याच्या अगदी जवळचा. सगळ्या प्रकारांना पुरतो, पण बोलताना जीभ अडखळते.

उत्तर २ :
त्याला क्रियापदही मिळत नाही. भूल देतात, ती चढते, उतरते, नशेसारखी. संवेदनाहरण उतरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून जागा ठेवणाऱ्या प्रकारालाही लोक 'अर्धी भूल' म्हणून मोकळे होतात. चालू द्या.

उत्तर ३ :
चालू द्या, फक्त भूलतज्ज्ञांनी बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' छापू नये.